सात नंबरच्या पडद्यावरचा लांबू

पाळी बदलायची वेळ झाली की दुसऱ्या मजल्यावरच्या कंट्रोल रूमबाहेर चपलांचा ढीग पडायचा. आत चौदा खुर्च्या आणि चौदा पडदे, पण गर्दी एकाच पडद्यापुढे. ऑपरेटर, त्यांच्या बायका, सासवा, कॅन्टीनवाला, एवढंच काय, लिफ्ट दुरुस्त करायला आलेला माणूससुद्धा हत्यारांची पिशवी बाजूला ठेवून हात जोडून उभा. सात नंबरच्या पडद्याला हार घातलेला असे. हार घसरून चित्रावर आला की कुणीतरी अदबीनं तो वर सरकवायचं, कारण त्याच पडद्याकडे बघून ऑपरेटरला वीस टनांची पेटी उचलायची असायची.

त्या पडद्यावर एक मेलेला माणूस उभा होता.

आता ही खोली म्हणजे काय ते आधी सांगते. जहाजांवरून येणाऱ्या लोखंडी पेट्यांचं यार्ड या खोलीपासून अकरा किलोमीटरवर आहे. तिथल्या क्रेनवर माणूस बसत नाही. माणूस बसतो इथं, गार हवेत, पुढ्यात दोन दांडे आणि एक पडदा घेऊन. दांडा इकडे हलवला की तिकडे पेटी हलते. बऱ्याच ऑपरेटरांनी यार्ड उभ्या जन्मात पाहिलेलं नव्हतं. आणि आम्ही यार्डातल्यांनी ही खोली पाहिलेली नव्हती. त्यांच्या दृष्टीनं यार्ड म्हणजे एक चित्र. आमच्या दृष्टीनं ते ऑपरेटर म्हणजे वरून कुठूनतरी हलवणारे हात. मी यार्डात कॅमेरे बसवते, पुसते, बिघडले की कागदावर लिहून कळवते. म्हणून मला सगळे कॅमेरेवाली म्हणतात. या खोलीत चमत्कार चालू होता तेव्हा मी शिडीवर होते आणि मला त्यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

मेलेल्याला सगळे लांबू म्हणायचे, कारण तो सहा फुटांच्या वर होता. पेट्यांच्या कोपऱ्यांतली कुलपं काढणं हे त्याचं काम. तीन महिन्यांपूर्वी सात नंबरच्या क्रेनखाली, दोन्ही बाजूंना पेट्यांच्या भिंती आणि मागे खांब अशा गल्लीत, वरून आलेल्या पेटीखाली तो गेला. चौकशीच्या कागदावर लिहिलं गेलं : कामगार खूण न करता मध्ये आला. स्वतःचा निष्काळजीपणा. खाली दोन सह्या. एक साहेबांची, दुसरी त्या दिवशी क्रेन चालवणाऱ्या मामांची. मामा म्हणजे सतरा वर्षं दांडे हलवलेला माणूस, सगळ्यांचाच मामा.

आठवड्यानं सात नंबर पुन्हा सुरू झाला. मामांनी पडदा लावला, खचकन ब्रेक दाबला आणि खुर्चीतून उठून भिंतीला टेकले. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, खांबापाशी, लांबू उभा होता. नारिंगी जाकीट, उजवा हात सरळ वर, पंजा उघडा. सकाळी त्याच्यावर सकाळचा उजेड, संध्याकाळी यार्डातले दिवे लागले की तोही पिवळा. मामांच्या जागी दुसरा ऑपरेटर बसला, त्यानंही ब्रेक दाबला. तिसऱ्यानंही. काम निम्म्यावर आलं.

साहेब भुताला भ्यायचे नाहीत. ते फक्त वरच्या साहेबांना भ्यायचे. त्यांनी महाराजांना आणलं.

हे महाराज पूर्वी लोकांच्या गच्चीवर टीव्हीच्या डिश बसवत. आता त्यांना दोन्हीकडचे महाराज म्हणत, कारण आपला एक पाय इहलोकात आणि एक पाय पडद्याच्या आत असतो असं ते सांगत. अंगावर पांढरं, कानात निळा दिवा लुकलुकणारा इअरफोन. त्यांनी पडद्यापुढे पाच मिनिटं डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

"देह म्हणजे डबा. आत्मा म्हणजे सिग्नल. डबा फुटला म्हणून सिग्नल मेला का? नाही. तो भटकतो, त्याला पडदा लागतो. या पुण्यवान खोलीनं त्याला पडदा दिला."

एका ऑपरेटरनं धीर करून विचारलं, "महाराज, काल पाऊस पडला. पेट्या भिजल्या, जमीन भिजली, लांबू कोरडाच."

"सिग्नल कधी भिजतो का, बाळा?"

पावसात सिग्नल जातो म्हणून गिऱ्हाइकांच्या शिव्या खाण्यात ज्याची दहा वर्षं गेली, तो माणूस हे बोलला, आणि खोलीनं मान डोलावली.

"आणि त्याची सावली सकाळ-संध्याकाळ एकाच बाजूला पडते."

"पडणारच. तिथं काळ थांबलाय."

चुकून का होईना, एवढं एक वाक्य महाराज खरं बोलले.

मग त्यांनी साहेबांना हवा होता तो नियम सांगितला. लांबू भूत नाही, रक्षक आहे. वर केलेला हात हा आशीर्वाद आहे. त्याला बघून ब्रेक दाबणं म्हणजे आशीर्वाद धुडकावणं. "थांबू नका. त्याच्यातून जा." ऑपरेटर त्याच्यातून जाऊ लागले. काम पूर्वीसारखं झालं. साहेबांनी महाराजांना बसायला केबिन दिली. नशीब एवढंच, की लांबूच्या जागी अजून कुणाला कामावर घेतलं नव्हतं, त्यामुळे त्या गल्लीत पाय ठेवायला माणूसच नव्हता.

या सगळ्यात खरी मेली ती लांबूची बायको. तिला सगळे वहिनी म्हणत. ती रोज यायची, पडद्यापुढे स्टूल घेऊन बसायची आणि नवऱ्याला घरचं सांगायची. मोरी तुंबली होती ती काढली. पोरीचा दात हलतोय. तुझी सायकल विकू का ठेवू? लांबू हात वर करून उभा. ती म्हणायची, बरं, ठेवते. कामाच्या मधे ती बसलेली असायची आणि ऑपरेटर तिच्या डोक्यावरून वाकून पेट्या उचलायचे. मला हे कळलं तेव्हा आधी हसू आलं, मग स्वतःचीच लाज वाटली.

महाराजांनी पाहिलं की बाई पिकली आहे. एके दिवशी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तो तुला बोलावतोय. येत्या शुक्रवारी दुपारी बारा वाजता यार्डात जा, त्याच्याशेजारी उभी राहा. तिथं तुला तो दिसणार नाही. पण इथं पडद्यावर सगळ्या जगाला जोडा दिसेल."

"क्रेन?" मामांनी विचारलं.

"चालू राहील. काम थांबलं की तो निघून जाईल."

बुधवारी वहिनी जागा बघायला यार्डात आली. मी शिडीवर होते. खालून विचारलं, "सात नंबरचा खांब कुठला?" मी दाखवला. ती त्या गल्लीत शिरून खांबापाशी उभी राहिली आणि बाजूच्या हवेकडे बघून लाजली. बाई वेडी झाली असं वाटून मी खाली उतरले.

"वहिनी, इथं उभं राहायचं नसतं. वर पेट्या फिरतात."

"तो इथंच असतो."

"कोण? इथं कुणी नसतं."

"तुला नाही दिसायचा. कॅमेऱ्यातून दिसतो."

"कुठल्या?"

तिनं बोट वर केलं. क्रेनच्या डाव्या पायावर कॅमेऱ्याचं कवच लोंबत होतं, आत काच नाही, तार तुटलेली. लांबूवर आलेली पेटी तिकडे हेलकावली तेव्हा तो फुटला होता. मी त्याच दिवशी लिहून कळवलं होतं. वरून उत्तर आलं होतं : चित्र पूर्ण दिसत आहे, बदलण्याची गरज नाही. मला वाटलं होतं, दुसऱ्या कॅमेऱ्यावर भागवत असतील. मी पुढे काही विचारलं नाही. हा माझा वाटा, तो मी झाकून ठेवत नाही.

"वहिनी, हा कॅमेरा तीन महिने आंधळा आहे."

"म्हणूनच तर त्यातून तो दिसतो," ती म्हणाली आणि निघून गेली.

मी तिच्या जागेवर उभी राहिले आणि मामांना फोन लावला. "मामा, सात नंबरवर खांबापाशी कोण दिसतंय?"

"लांबू. दुसरं कोण?"

"आणि मी?"

"तू कुठायस?"

"त्याच्याच पायांवर उभी आहे. जाकीट काढून गरगर फिरवतेय."

मामा म्हणाले, "ताई, तुझी श्रद्धा नाही. म्हणून तू दिसत नाहीस." आणि एवढं बोलून त्यांनी क्रेन माझ्या दिशेनं सोडली. मी उडी मारून बाहेर पडले तेव्हा कोपर सोलून निघालं होतं. मेलेला दिसत होता, जिवंत बाई दिसत नव्हती, आणि अकरा किलोमीटरवर एक देवभोळा माणूस त्यातून पेटी नेत होता.

गुरुवारी मी यंत्राचं पुस्तक काढून बसले. दहा मिनिटांत उलगडा झाला. पडद्यावरचं चित्र एका कॅमेऱ्याचं नसतंच. आठ कॅमेऱ्यांचे तुकडे गोधडीसारखे शिवून एक चित्र होतं. एखादा कॅमेरा मेला तर तिथं काळं भोक दिसायला हवं. पण काळं भोक दिसलं की ऑपरेटर बिचकतो, काम थांबतं. म्हणून सोय करून ठेवलेली : त्या कॅमेऱ्याचं शेवटचं चांगलं चित्र भोकात चिकटवायचं आणि आजूबाजूच्या उजेडाप्रमाणे त्याला रंग द्यायचा. सकाळी पांढरा, संध्याकाळी पिवळा. ही सोय आपोआप लागत नाही. कुणाच्या तरी परवानगीनं लावावी लागते. नोंदीत परवानगी साहेबांची होती. नवा कॅमेरा बसवायला क्रेन तीन दिवस बंद ठेवावी लागली असती.

मी साहेबांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कारण त्यांना सगळं माहीत होतं. "शुक्रवार पार पडू दे. लोकांच्या भावना आहेत. एका मिनिटाचं तर काम आहे, मामा सावकाश चालवतील."

"सावकाश मेली तर चालेल का?"

"शब्द जपून वापरा," साहेब म्हणाले.

तिथून मी वहिनीच्या घरी गेले. कॅमेरा, गोधडी, भोक, सगळं समजावलं. पोरगी दात हलवत आमच्याकडे बघत होती. वहिनीनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "तुझा नवरा जिवंत आहे ना?"

"आहे."

"मग तू गप्प बस."

मी गप्प बसून घरी आले. पण शुक्रवारी साडेदहाला, जन्मात पहिल्यांदा, त्या खोलीत गेले. लांबू मीही पहिल्यांदाच पाहिला. पाहिला आणि त्याचा वर केलेला हात ओळखला. तेव्हा काही बोलले नाही. वहिनी नवी साडी नेसून स्टुलावर बसली होती आणि खाली गाडी उभी होती. या गर्दीला गोधडी समजावण्यात अर्थ नव्हता. मी पुढे जाऊन महाराजांच्या पाया पडले.

"महाराज, एक इच्छा आहे. वहिनींच्या आधी तुम्ही त्यांच्याशेजारी उभे राहा. तुमचा एक पाय तिकडे असतोच. आज दोन्ही पाय बघू दे."

महाराज हसले. "मी तर सूक्ष्म रूपानं तिथं आहेच."

"सूक्ष्म रूपानं नको. आम्हाला डोळ्यांनी बघायचंय."

माझं काम तिथंच संपलं. पुढचं भक्तांनी केलं. "जाच, महाराज." "आमचा जन्म सार्थकी लागेल." एका ऑपरेटरच्या सासूबाईंनी तर त्यांना दंडाला धरून लिफ्टपर्यंत नेलं. महाराजांनी मुहूर्त काढला, गुडघेदुखी काढली, कशाचा उपयोग झाला नाही. भक्तीच्या तावडीतून सुटणं सावकाराच्या तावडीतून सुटण्याहून कठीण असतं. वहिनीला पडद्यासमोरच बसवलं, महाराज 'मी मागून येतो' म्हणत होते, तरी मी त्यांना गाडीत घातलंच.

वाटेत त्यांनी हळूच विचारलं, "ताई, क्रेन बंद ठेवणार ना?"

"तुम्हीच म्हणालात, काम थांबलं की तो निघून जातो."

"ते... बोलण्याच्या ओघात."

मी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

बाराला पाच कमी असताना महाराज खांबापाशी उभे होते. डावीकडे पेट्यांची भिंत, उजवीकडे पेट्यांची भिंत, मागे खांब. मी क्रेनच्या पायाशी. तिथं लाल बटण असतं, ते दाबलं की खोलीतून कुणी काहीही करो, क्रेन जागच्या जागी थांबते. त्यावर हात ठेवून मी फोनचा आवाज मोठा केला.

"मामा, महाराज जागेवर आहेत."

"नाहीत," मामा म्हणाले. "लांबू एकटाच दिसतोय."

"महाराज, जरा पुढे या," वहिनीचा आवाज आला. महाराजांनी एक पाऊल टाकलं, दोन्ही हात हलवले. "नाही दिसत," ती म्हणाली. मागून त्या सासूबाई म्हणाल्या, "सूक्ष्म झाले असतील." आणि सगळी खोली समाधानानं कुजबुजली.

"चालवू का?" मामांनी विचारलं.

"नियमाप्रमाणे चालवा."

वर पेटी सरकली. महाराजांवर सावली आली तेव्हा त्यांनी मान वर केली. समोरून पळायला जागा होती, पण पाय जागेला खिळले होते. "बंद करा," ते म्हणाले. मग ओरडले. फोनमधून कुणीतरी म्हणालं, "ऐका, आकाशवाणी." पेटी खाली येत होती. महाराजांचा उजवा हात आपोआप वर गेला, सरळ, पंजा उघडा.

बटण मी तेव्हाच दाबू शकले असते. आणखी थोडी थांबले. त्याचं मला वाईट वाटत नाही, हेही सांगून टाकते. पेटी त्यांच्या बोटांपासून हातभर वर आली तेव्हा दाबलं. महाराज खाली बसले. पांढऱ्या धोतराखालची जमीन ओली झाली.

"पेटी का थांबली?" मामांनी विचारलं.

"खाली महाराज आहेत."

"इथं कुणी नाही, ताई."

"मामा, तुमच्या हातून आत्ता ते मेले असते आणि तुम्हाला कळलंही नसतं. आणि त्या जागी वहिनी उभ्या राहणार होत्या."

मग मी फोनवरून सगळं सांगितलं. फुटलेला कॅमेरा, भोक, शेवटचं चित्र, रंग, साहेबांची परवानगी. महाराज शेजारी बसून ऐकत होते. एकदाही नाही म्हणाले नाहीत.

वहिनीनं विचारलं, "महाराजांनी शेवटी काय केलं?"

"हात वर केला."

"कसा?"

"तुमच्या समोर लांबूचा आहे तसा. आमच्या यार्डात ही खूण पहिल्या दिवशी शिकवतात, वहिनी. हात सरळ वर, पंजा उघडा. थांब."

फोनमध्ये तिचा आवाज आला, पण तो माझ्यासाठी नव्हता.

"मामा, तुम्हाला ही खूण येत होती?"

"हो."

"त्या दिवशी दिसली होती?"

"दिसली. चित्र इथं जरा उशिरानं येतं, वहिनी. हात दिसला, मी ब्रेक दाबला, तोपर्यंत पेटी टेकली होती."

"मग कागदावर खूण केली नाही असं का लिहिलंत?"

"साहेब म्हणाले, नाहीतर तुझ्यावर येईल."

"आणि हे तीन महिने? रोज समोर हात वर करून उभा होता तो. तुम्ही काय बघत होतात?"

मामा म्हणाले, "महाराजांनी सांगितलं, आशीर्वाद आहे. मला बरं वाटलं."

त्या खोलीतल्या प्रत्येकाला ही खूण शिकवलेली होती. एक मेलेला माणूस तीन महिने त्यांना थांबा म्हणत होता आणि ते त्याला हार घालत होते. पोटापाण्याची लबाडी महाराजांची होती. साहेबांची लबाडी त्याहून मोठी, कारण खाली माणूस मरू शकतो हे त्यांना माहीत होतं. पण बरं वाटलं, हे जे मामा म्हणाले, त्यावर या दोघांचा धंदा चालला होता. चमत्कार दाखवणारा एकटा काही करू शकत नाही. ज्यांना बघायचं नाही अशी पन्नास माणसं त्याला लागतात. पडद्यावर काही दिसलं तर एवढंच करा : उठा, त्या जागी जा, तिथं प्रत्यक्ष काय आहे ते हात लावून बघा. अकरा किलोमीटर म्हणजे काही परलोक नाही. बस जाते.

महाराज त्या संध्याकाळी केबिनमधला पंखासुद्धा घेऊन पसार झाले. साहेबांनी ते चित्र पुसून टाकायचा हुकूम दिला, पण तोवर वहिनीनं त्याची तारीख आणि वेळेसकट प्रत काढून घेतली होती आणि ती चौकशी कार्यालयाच्या पायरीवर बसली होती. कागदावरचं वाक्य बदलेपर्यंत उठणार नाही म्हणाली. सोमवारी मी नवा कॅमेरा बसवला. सहा ऑपरेटरांनी अर्ज दिला की जुनं चित्रच राहू द्या, कामात मन लागत नाही. मामांची सही पहिली होती.

तार जोडायच्या आधी मी वहिनीला फोन केला. "आता तो जाईल. येताय?"

ती तेवढ्यापुरती पायरीवरून उठून आली, स्टुलावर बसली. मी यार्डातून तार जोडली.

"गेला," ती म्हणाली. मग फोनवरच तिनं विचारलं, "तू कुठायस?"

"खांबापाशी."

"दिसतेस," ती म्हणाली. "बाजूला हो. वर पेटी आहे."